ग्रंथकर्ता कोण? – अवतरणांच्या मागाने एक शोध

ग्रंथाचे वजन पुष्कळदा ग्रंथकर्त्याच्या नावाने तोलले जाते. म्हणूनच नाव चुकले की केवळ सूचीतील एक नोंद चुकत नाही; विचाराचा इतिहासच आडमार्गास लागतो. ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासकास याचे बोधप्रद उदाहरण दिओनुस्याच्या ग्रंथांत सापडते.

पौलाचे भाषण ऐकून विश्वास ठेवणाऱ्या दिओनुस्य अरीयपगकराचा उल्लेख प्रेषितांची कृत्ये १७:३४ मध्ये आहे. सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच्या नावावरील ग्रीक ग्रंथ व पत्रे आधारादाखल पुढे येऊ लागली. इ. स. ५३२ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलच्या वादसभेत खाल्सेदोन परिषदेच्या विरोधकांनी त्यांचा हवाला दिला, तेव्हा इफिसचा बिशप हिपाशियस याने विचारले की, हे लेखन इतके प्राचीन असेल, तर अथनासियस व सिरिल यांना ते ठाऊक कसे नव्हते? पूर्वसूरींपैकी कोणीच ज्याचा हवाला देत नाही, त्याचे प्राचीनत्व संशयास्पद ठरते. अवतरणशोधाचे मूळ सूत्र हेच होय.

तथापि तो आक्षेप मागे पडला. नवव्या शतकात सँ-देनीचा मठाधिपती हिल्दुइन याने अरीयपगकर, ग्रंथकार व पॅरिसचा हुतात्मा बिशप या तिघांस एकच पुरुष ठरविले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या ग्रंथांचा सुमारे १,७०० वेळा आधार घेतला. पंधराव्या शतकात लोरेन्झो व्हाला याने शंका उपस्थित केली; त्याची टिपणे इरॅस्मसने १५०५ मध्ये छापून प्रसिद्ध केली. अखेर १८९५ मध्ये ह्यूगो कॉख व योसेफ श्टिग्लमायर यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दाखवून दिले की, त्यातील दुष्टत्वाविषयीचे विवेचन इ. स. ४८५ मध्ये निवर्तलेल्या प्रोक्लस या तत्त्वज्ञाच्या लेखनावर आधारलेले आहे. नाव न सांगता केलेल्या उसनवारीनेच लेखकाचा काळ उघड केला!

आज हेच काम संगणक करतो. अमेरिकन वकिलांसाठी १८७३ पासून निघणाऱ्या शेपर्डच्या निवाडासूचीपासून प्रेरणा घेऊन यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानलेखांच्या अवतरणसूचीची कल्पना मांडली; १९६४ मध्ये ती सूची प्रसिद्ध झाली. कोणत्या लेखाचा हवाला पुढे कोणी दिला, हे तीवरून कळू लागले. परंतु नावांचा घोळ उरलाच. हिल्दुइनप्रमाणे यंत्रही अनेकांचा एक करते, तसेच एकाचे अनेकही करते. १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करणारे फादर स्टीफन्स इंग्रजीत थॉमस स्टीफन्स, तर पोर्तुगीजमध्ये तोमास इश्तेव्हांव असतात. बेसावध सूचीत ते दोन लेखक होतील. यावर उपाय म्हणून ऑक्टोबर २०१२ पासून ‘ऑर्किड’ ही संस्था संशोधकांस सोळा अंकी ओळखक्रमांक देते.

मात्र क्रमांक लेखकाने स्वतः मागून घ्यावयाचा असतो. दिवंगतांच्या वतीने तो कोण मागणार? त्यांची ओळख ग्रंथपाल व अभ्यासक यांनीच जपावयाची आहे. शिवाय क्रमांकावरून लेखनावर कोणी हक्क सांगितला एवढेच कळते. विचार कोठून आला, हे कळत नाही.

अरीयपगकराचे नाव गळून पडले म्हणून त्या ग्रंथांतील चिंतन निरर्थक झाले नाही. ते प्रेषितकालीन साक्ष उरले नाही, एवढेच. साक्ष आणि चिंतन यांतील हा भेद ज्याला राखावयाचा आहे, त्याने प्रत्येक अवतरणाचा माग मूळ पानापर्यंत काढावा.