की वेस्टच्या धक्क्यावरील माशांची साक्ष

ज्या ज्ञातीचे पोट जमिनीवर असते तिचा इतिहास सातबाऱ्यावर, सनदांत आणि देवळांच्या शिलालेखांत सापडतो. ज्या ज्ञातीचे पोट समुद्रावर असते तिचा इतिहास मात्र पाण्यावरच्या रेघेसारखा पुसला जातो. आपल्या वाडवडिलांना कोणत्या खडपावर कोणता मासा मिळे, तो किती मोठा असे, हे ज्ञान त्यांच्याबरोबरच गेले. मागे उरली ती ‘पूर्वी मासा फार होता’ एवढीच ओळ. ती ऐकून तरुण मंडळी हसतात, कारण प्रत्येक म्हातारा आपल्या काळाविषयी असेच बोलत असतो. मग म्हातारा खरे बोलतो की प्रौढी मिरवतो, हे ठरवावयाचे कसे? या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील एका लहानशा बेटाच्या इतिहासात मिळते. म्हणून तो इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

अमेरिकेच्या आग्नेय टोकास फ्लोरिडा हे राज्य आहे. त्याच्या दक्षिण टोकापासून नैऋत्येकडे लहान लहान बेटांची एक माळ समुद्रात गेलेली आहे. या बेटांना तेथे ‘की’ म्हणतात. लहान बेट या अर्थाच्या ‘कायो’ या स्पॅनिश शब्दापासून तो आला. सडकेने जाता येईल असे या माळेतील शेवटचे बेट म्हणजे की वेस्ट. तेथून क्यूबाची राजधानी हवाना सुमारे ९० सागरी मैलांवर आहे. बेटांच्या बाहेरून गल्फ स्ट्रीम हा उबदार सागरप्रवाह वाहतो, आणि किनाऱ्यापासून थोड्या मैलांवर प्रवाळांची खडपे पसरलेली आहेत. आपण ज्यांना गोब्रा आणि तांबोशी म्हणतो, त्यांच्याच कुळांतील अनेक जाती या खडपांच्या आश्रयाने राहतात.

१९व्या शतकात हे बेट दर्यावर्द्यांचे होते. खडपांवर आपटून फुटलेल्या गलबतांतील माल वाचवून त्याचा मोबदला घेणे, समुद्रातील स्पंज काढणे, कासवे धरणे आणि मासेमारी, हे तेथील लोकांचे धंदे. त्यांतील पुष्कळ कुटुंबे बहामा बेटांतून आलेली होती. त्या काळी बर्फाची सोय नव्हती. म्हणून काही नौकांच्या पोटात समुद्राचे पाणी खेळते राहील अशी टाकी केलेली असे. तीत गोब्रे जिवंत ठेवून ते हवानाच्या बाजारी नेऊन विकीत. ही मासेमारी पोटासाठी होती. हौसेखातर पैसे मोजून गळ टाकणारे गिऱ्हाईक अद्याप आले नव्हते.

ते गिऱ्हाईक आगगाडीने आले. हेन्री फ्लॅगलर या धनाढ्य उद्योगपतीने बेटामागून बेट पुलांनी जोडीत लोहमार्ग नेला आणि जानेवारी १९१२ मध्ये पहिली गाडी की वेस्टला पोहोचली. वाटेवरील लाँग की या बेटावर रेल्वेनेच हौशी मच्छीमारांसाठी निवासस्थान उभारले होते. हिवाळ्यात उत्तरेकडील श्रीमंत मंडळी तेथे येत. झेन ग्रे हा लोकप्रिय कादंबरीकार तेथील मंडळाचा अध्यक्ष होता. पाहुण्यांना होडी हवी, होडीवर वाटाड्या हवा, आमिष लावून देणारा हात हवा. यांतून एक नवा व्यवसाय निर्माण झाला. होडीचा मालक मासे विकीत नाही, तो आपला दिवस विकतो. होडी, तेल, गळ, आमिष आणि तांडेलाचे ज्ञान हे सर्व मिळून एक दर ठरतो. मासा मिळो वा न मिळो, दर द्यावयाचा. एखाद्या टोळीने अख्खी होडी भाड्याने घ्यावी ही एक पद्धत. मोठ्या होडीवर माणशी शुल्क देऊन अनोळखी लोकांनी एकत्र जावे ही दुसरी. तांडेलाच्या हाताखालचा खलाशी बव्हंशी गिऱ्हाइकाच्या बक्षिसीवर जगतो.

हा धंदा वाढला तो संकटातून. जागतिक मंदीत की वेस्ट नगरीचे दिवाळे वाजले आणि १९३४ साली नगरपालिकेने आपला कारभार राज्याच्या स्वाधीन केला. मदतकार्याचे अधिकारी ज्यूलियस स्टोन यांनी बेट पर्यटनाच्या मार्गाला लावण्याचे ठरविले. तोच २ सप्टेंबर १९३५ रोजी प्रचंड चक्रीवादळ झाले. चारशेंहून अधिक माणसे दगावली, लोहमार्ग उद्ध्वस्त झाला, लाँग कीचे निवासस्थानही वाहून गेले. लोहमार्ग पुन्हा उभा राहिला नाही. त्याच्याच पुलांवरून सडक बांधण्यात आली आणि १९३८ साली ती की वेस्टपर्यंत खुली झाली. आता श्रीमंतच नव्हे, तर मोटार असलेला कोणीही मध्यमवर्गीय गृहस्थ तेथे येऊ लागला.

अर्नेस्ट हेमिंग्वे हा विख्यात लेखक १९२८ पासून सुमारे दहा वर्षे याच बेटावर राहत होता. त्याच्या १९३७ सालच्या ‘टू हॅव अँड हॅव नॉट’ या कादंबरीचा नायक भाड्याने होडी देणारा तांडेलच आहे. एक धनिक पुष्कळ दिवस त्याची होडी वापरतो, त्याचे मोलाचे गळसाहित्य समुद्रात घालवितो आणि एक पैसा न देता विमानाने निघून जातो. नायकाच्या अधःपाताला तेथून आरंभ होतो. कथा काल्पनिक असली तरी ज्याचे पोट पाहुण्याच्या मर्जीवर आहे, त्याच्या स्थितीचे ते यथार्थ चित्र आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. होडी संध्याकाळी धक्क्याला लागली की मिळालेले मासे एका मोठ्या फळीवर ओळीने टांगावयाचे, गिऱ्हाइकांनी शेजारी उभे राहावयाचे आणि छायाचित्र काढून घ्यावयाचे, असा तेथे प्रघात होता. यात गिऱ्हाइकाची हौस भागे आणि होडीची जाहिरातही होई. कोणी हे इतिहासासाठी करीत नव्हते. पुढे अशी १९५० नंतरच्या काळातील छायाचित्रे की वेस्टच्या सार्वजनिक ग्रंथालयात जतन झाली.

लॉरेन मॅक्लेनाकन या संशोधक विदुषीच्या दृष्टीस ही छायाचित्रे पडली. त्यांतील मासे तिने जातवार मोजले, त्यांची लांबी अजमावली आणि लांबीवरून वजन काढले. २००७ साली तिने स्वतः की वेस्टच्या धक्क्यांवर जाऊन त्या वेळी मिळणाऱ्या माशांची तशीच नोंद केली. तिचा निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील आकडे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. १९५६ च्या सुमारास टांगलेल्या माशाचे सरासरी वजन १९.९ किलो होते, ते २००७ मध्ये २.३ किलो झाले. १९५६ ते १९६० या काळात फळीवर मोठमोठ्या गोब्र्यांचे प्राबल्य होते आणि मोऱ्यांची (मुश्यांची) सरासरी लांबी दोन मीटरांच्या जवळपास होती. २००७ मध्ये फळीवर मुख्यतः तांबोशीच्या कुळातील लहान मासे होते आणि त्यांची सरासरी लांबी ३४.४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दीड वीत, एवढीच भरली. मोऱ्यांची लांबीही निम्म्याहून अधिक घटली होती.

याहून आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. मासा इतका लहान झाला, तरी सफरीचा दर त्या मानाने उतरला नाही. गिऱ्हाईक पूर्वीइतकेच मोल देऊन दीड वीत मासा घेत होते आणि त्याच आनंदाने छायाचित्र काढून घेत होते. याचे कारण उघड आहे. त्याने १९५६ ची फळी पाहिली नव्हती. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली या प्रकाराचे वर्णन केले. त्यांच्या मते प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी दिसलेला समुद्र हाच मूळचा समुद्र मानते आणि तेथून पुढची घट तेवढी मोजते. पुढची पिढी त्या घटलेल्या समुद्रालाच पूर्ण समजते. अशा रीतीने मोजण्याची रेघच पिढीगणिक खाली सरकत जाते आणि एकूण नुकसान कोणाच्याच ध्यानात येत नाही.

हे घडले कसे, तेही समजून घेतले पाहिजे. पूर्वी खडप सापडणे हीच तांडेलाची विद्या होती. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की तो जागा ओळखी, आणि ही विद्या बाप मुलालाच सांगे. आपल्या ज्ञातीसही ही रीत परकी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ध्वनिलहरींनी तळ दाखविणारी यंत्रे, नायलॉनची दोरी आणि वेगवान इंजिने आली. पुढे उपग्रहांवरून जागा दाखविणारे यंत्र आले. तळातील प्रत्येक कोपरा नवशिक्यालाही सापडू लागला. शिवाय खडपातील मासे एका जागी राहणारे आणि सावकाश वाढणारे. त्यांतील कित्येक जाती विणीच्या हंगामात ठरलेल्या ठिकाणी मोठ्या संख्येने जमतात. ते ठिकाण एकदा कळले की वर्षांची पुंजी थोड्या दिवसांत हाती लागते. गोब्र्याच्या अनेक जातींत मासा प्रथम मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. म्हणून मोठेच मासे वेचून काढले तर विणीसाठी नर कमी पडू लागतात. मोठी मादी लहान मादीच्या कित्येक पट अंडी घालते. हौशी गिऱ्हाइकाला तर नेमका मोठाच मासा हवा असतो! दोष केवळ हौशी मंडळींचा होता असे मात्र नव्हे. बाजारासाठी होणारी मासेमारी, भाल्याने होणारी शिकार आणि प्रवाळांचा ऱ्हास ही कारणेही जोडीला होती.

तथापि हा इतिहास निव्वळ ऱ्हासाचा नाही. १९६० साली याच बेटांच्या माळेत जॉन पेनेकॅम्प यांच्या नावाने प्रवाळांचे संरक्षित उद्यान स्थापन झाले. पेनेकॅम्प हे मायामीच्या एका वृत्तपत्राचे संपादक होते. पुढे १९९० साली संपूर्ण बेटमाळेभोवतीचा समुद्र राष्ट्रीय सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. अडीच मीटरांपर्यंत वाढणारा गोलायथ नावाचा महाकाय गोब्रा नामशेष होण्याच्या बेतास आला होता. त्याच्या मासेमारीवर १९९० साली संपूर्ण बंदी आली. तो हळूहळू पुन्हा दिसू लागला आणि २०२३ पासून फ्लोरिडा राज्याने वर्षाला २०० पर्यंत लहान आकाराचे मासे सोडत काढून पकडू देण्याची मुभा दिली. की वेस्टच्या पश्चिमेस ड्राय टोर्टुगाजजवळ तांबोशीच्या एका जातीची विणीची जागा आहे. ती २००१ साली मासेमारीस कायमची बंद केल्यावर तेथे थवे पुन्हा जमू लागल्याचे पाणबुड्या संशोधकांनी पाहिले. मात्र २०२३ च्या उन्हाळ्यात समुद्राचे पाणी एवढे तापले की तेथील प्रवाळांची मोठी हानी झाली. खडपच मेले तर बंदी घालून मासा किती टिकणार, ही चिंता आता तेथे आहे.

आता आपल्या घराकडे पाहू. आपल्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत. मालवणजवळचा २९.१२ चौरस किलोमीटरांचा सागरी प्रदेश १९८७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला. आपल्या तरुणांतील काहीजण आता जाळे ठेवून पर्यटकांसाठी होड्या चालवू लागले आहेत. त्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु की वेस्टच्या तांडेलांचा अनुभव त्यांनी डोळ्यांपुढे ठेवावा. पाहुणा घट ओळखत नाही, ती होडीवाल्यानेच ओळखली पाहिजे. आणि समुद्र कोणी, किती व कसा वापरावा यासंबंधी वाद होतात तेव्हा ज्याच्या हाती कागद आहे त्याचे म्हणणे ऐकले जाते. ‘पूर्वी फार मासा होता’ हे वाक्य तेथे पुरावा ठरत नाही. रापणीच्या वाट्यांची जुनी वही मात्र पुरावा ठरते.

अशा वह्या आपल्या घरांत अजूनही आहेत. माळ्यावरच्या पेटीत, देव्हाऱ्याखालच्या खणात, मोडी अक्षरांत वा बाळबोध लिपीत कोणा आजोबांनी हिशेब लिहून ठेवलेले असतात. घराची डागडुजी निघाली की ते कागद रद्दीत जातात. मोठ्या माशाशेजारी उभ्या असलेल्या काकांचे पिवळे पडलेले छायाचित्रही तसेच जाते. ते टाकू नयेत. छायाचित्राच्या मागे साल, ठिकाण आणि माशाचे नाव वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहावे, कारण ते सांगणारी माणसे थोडीच उरली आहेत. जे समुद्रावर जातात त्यांनी तारीख, जागा, माशाची जात आणि सर्वांत मोठ्या माशाची लांबी एवढे तरी रोज टिपून ठेवावे. त्याला मोठी विद्वत्ता लागत नाही, चौथी शिकलेल्या मुलालाही ते जमेल. मंडळाने आपल्या कार्यालयात या कागदांसाठी एक कपाट राखून ठेवावे आणि ज्यांना मूळ कागद देववत नाहीत त्यांच्याकडून नक्कल घ्यावी, एवढी विनंती कार्यकारिणीस करून हा लेख पुरा करतो.