आठ आण्यांची विकेट

बेसबॉलमधला पिचर म्हणजे मुख्यतः चेंडू फेकण्यासाठी पगार घेणारा माणूस. 2008 साली उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन पोरांना अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्सने त्यासाठी करारबद्ध केलं. त्यांच्यावर पुढे सिनेमाही निघाला. मला मात्र असं काही वाचलं की पालवणकर बाळूच आठवतात. चेंडू टाकण्याचा पगार घेणारा आपला माणूस, तोही शंभर वर्षं आधीचा. पगार महिना चार रुपये!

बाळूंचा जन्म 1876 चा, चांभार कुटुंबातला. पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात ते मैदान राखायचे, खेळपट्टी तयार करायची, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायची. डावखुरी, संथ फिरकी. ग्रेग नावाचा एक नामांकित फलंदाज त्यांच्याकडून तासन् तास गोलंदाजी करवून घ्यायचा आणि आपल्याला बाद केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा म्हणे. फलंदाजी मात्र बाळूंना कुणी करू दिली नाही. बॅट साहेबांची, घाम नोकराचा. असो.

गोऱ्यांना हरवायचं तर बाळू हवेत, हे पुण्यातल्या हिंदू क्लबालाही कळलं. मैदानावर त्यांनी हात लावलेला चेंडू सगळ्यांना चालायचा. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणही वेगळं. म्हणजे विटाळ घड्याळ बघून लागत होता!

आम्हा कोल्हापूरकरांना इथे गंगाराम कांबळे आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांच्या चहाच्या दुकानात खुद्द शाहू महाराज चहा प्यायला जायचे. मागासवर्गीयांना 50 टक्के जागा देणारा महाराजांचा हुकूम 1902 चा, आणि तेव्हा बाळू ऐन भरात होते. त्या काळात एक कप चहा किती जड होता बघा. तो उचलायला इथे छत्रपती लागले.

पुढे बाळू मुंबईला गेले. 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, तेव्हा ते संघात होते. 1911 चा इंग्लंड दौरा पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली झाला. संघ बऱ्याच सामन्यांत हरला, पण बाळूंनी दौऱ्यात 114 बळी घेतले. प्रथम श्रेणीतल्या त्यांच्या 33 सामन्यांत 179 बळी आहेत, सरासरी पंधराच्या आसपास. एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, तेही बऱ्याच रुसव्या-भांडणांनंतर. चौघेही भाऊ क्रिकेटपटू होते, हे आज किती जणांना ठाऊक आहे?

शेवटचा अध्याय मला सगळ्यात अवघड वाटतो. 1932 च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे, डॉ. आंबेडकरांचीही आहे. पाच वर्षांनी, 1937 च्या निवडणुकीत, काँग्रेसने याच बाळूंना मुंबईत आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. बाळू साधारण दोन हजार मतांनी पडले. ज्यांनी उभं केलं, त्यांना बाळूंचं मोठेपण हवं होतं की फक्त नाव, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. बाळू 1955 मध्ये गेले.