सरोवर पाहून होडी : सुपीरियरवरील कॅनोची निवड (थ्रेड)

१/ विशाल सरोवरावर प्रथमच उतरणाऱ्याने कोणती होडी निवडावी? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅनडातील फर-व्यापाऱ्यांपुढे हा प्रश्न दर वर्षी उभा राहत असे. चुकीच्या उत्तराची किंमत माल आणि माणसे या दोहोंनी मोजावी लागे.

२/ बर्फ वितळताच, मे महिन्यात, मॉन्ट्रियलजवळच्या लाशीन येथून होड्यांचे तांडे निघत. ओटावा नदी, निपिसिंग सरोवर, फ्रेंच नदी, पुढे ह्युरॉन आणि अखेरीस सुपीरियर असा मार्ग होता. सुपीरियरचा विस्तार सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर. वारा उठला की त्याला सरोवर म्हणणे कठीण होते. लाटा समुद्राच्या आणि पाणी भर उन्हाळ्यातही हाडे गोठवणारे.

३/ या मार्गासाठी 'मॉन्ट्रियल कॅनो' वापरली जाई. लांबी सुमारे ११ मीटर, रुंदी पावणेदोन मीटरांच्या आसपास, वल्हेकरी ८ ते १२. अलेक्झांडर मॅकेंझी याने १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एका होडीचा भार नोंदवला आहे : मालाचे ६५ गठ्ठे, शिवाय बिस्किटे, डुकराचे मांस आणि वाटाणे. गठ्ठ्याचे रूढ वजन ९० पौंड, म्हणजे सुमारे ४१ किलो.

४/ एवढी लांबी कशासाठी? आखूड होडी प्रत्येक लाटेबरोबर वर-खाली होते. लांब होडी बारीक लाटांवर आडवी पसरून सरळ जाते आणि वेगही राखते. रुंदीमुळे ती सहजी कलंडत नाही. तळाशी नीट बसवलेला माल तिला स्थिर ठेवतो. उंच नाळ समोरून येणारी लाट फोडते.

५/ ही विद्या व्यापाऱ्यांची नव्हे. भूर्जवृक्षाची साल, सीडरच्या फासळ्या, स्प्रूसच्या मुळांची शिवण आणि सांध्यांवर राळ ही रचना अनिशिनाबे व त्यांच्या शेजारच्या मूळनिवासी समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवली होती. व्यापाऱ्यांनी तिचा आकार वाढवला. तत्त्व मात्र तेच राहिले.

६/ सालीची होडी हलकी, पण नाजूक. भरलेली होडी किनाऱ्यावर ओढता येत नसे. माणसे पाण्यात उतरून माल खांद्यावरून नेत. फाटलेली जागा मात्र वाटेवरच्या जंगलातील साल, मुळे आणि राळ वापरून तिथेच सांधता येई. हजारो किलोमीटरच्या प्रवासात या गुणाचे मोल मोठे होते.

७/ मग नवशिक्याचे काय? त्याला स्वतःची होडी मिळतच नसे. मिळे ती मोठ्या होडीच्या मधल्या भागातील जागा. नाळेवर वाट पाहणारा आणि मागे उभा राहून सुकाणू सांभाळणारा, हे दोघे अनुभवी असत व त्यांना वेतनही अधिक मिळे. मधल्याने केवळ लय धरायची. पाणी वाचायला तो तिथेच शिके.

८/ सर्वांत मोठे कौशल्य मात्र थांबण्याचे होते. तांडे शक्यतो किनारा धरून जात. उपसागराचे तोंड थेट ओलांडल्यास बराच वळसा वाचे. परंतु मध्यावर वारा फिरला तर आसरा नसे. म्हणून वादळी दिवशी होड्या किनाऱ्यावर पालथ्या घालून, त्यांच्याच आडोशाला दिवस काढले जात.

९/ सुपीरियरच्या पश्चिम तीरावर ग्रँड पोर्टेज येथे निवडीचे गणित उलटे होई. पुढे अरुंद नद्या, धबधबे आणि सुमारे साडेतेरा किलोमीटरची पायवाट. तेथून पुढे सुमारे साडेसात मीटरची 'नॉर्थ कॅनो' चाले, जी दोन माणसे उचलू शकत. मोठीला किमान चौघे लागत. सरोवरावरचा गुण डोंगरवाटेवर ओझे ठरे.

१०/ १८२१ साली नॉर्थ वेस्ट कंपनी हडसन्स बे कंपनीत विलीन झाली. व्यापाराचा मुख्य ओघ हडसन उपसागराकडे वळला, तेथे फळ्यांच्या यॉर्क बोटींचे महत्त्व वाढले आणि मॉन्ट्रियलहून निघणारे तांडे विरळ झाले.

११/ सालीच्या होड्या टिकत नाहीत, म्हणून त्यांचे ज्ञानही लोपण्याची भीती होती. एडविन टॅपन ॲडनी (१८६८–१९५०) याने मूळनिवासी कारागिरांकडून ते शिकून आराखडे काढले, शंभराहून अधिक प्रतिकृती घडवल्या. त्याच्या टिपणांवरून हॉवर्ड शॅपेल याने सिद्ध केलेला ग्रंथ १९६४ साली प्रकाशित झाला.

१२/ कंपन्यांच्या इतिहासात भागीदारांची नावे ठळक आहेत. होडी बांधणाऱ्या स्त्री-पुरुषांची बहुतेक नावे हरवली. पण पाण्याचा विस्तार, वाटेतील पायपीट आणि सोबतच्या माणसांचा अनुभव पाहून होडी ठरवावी, हा त्यांचा धडा आजही सुपीरियरवर उतरणाऱ्या प्रत्येकाला लागू पडतो. (समाप्त)