मासा आणि माशी

मासे धरण्याच्या विद्येंत जाळें, भाला आणि गळ हीं साधनें माणसास अतिप्राचीन काळापासून अवगत आहेत. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून नदीकांठीं स्वस्थ बसलेला मनुष्य कोणत्याहि देशांत दृष्टीस पडावयाचा. परंतु ज्या गळाला खाण्याजोगें कांहींच लावलेलें नाहीं, ज्यावर चार पिसें, चिमूटभर लोंकर आणि रेशमाचा दोरा एवढ्याच निर्जीव वस्तु गुंडाळलेल्या आहेत, आणि तरीहि ज्यावर चांगला चाणाक्ष मासा झडप घालतो, अशा गळाचा इतिहास कांहीं निराळाच आहे. इंग्रज लोक ज्याला ‘फ्लाय’ म्हणतात ती ही बनावट माशी. मासा माशीला भुलतो हें मराठी कानांना शब्दांची कोटी केल्यासारखें वाटेल. पण त्या कोटीमागें सुमारें अठराशें वर्षांचें निरीक्षण उभें आहे. माशी बांधणारा माशाला फसवूं पाहातो हें खरें. मात्र फसविण्यापूर्वीं त्याला स्वतः सत्य पाहावें लागतें. आणि ज्या ज्या वेळीं त्यानें हें पाहाणें सोडलें, त्या त्या वेळीं त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली, असें या कलेचा इतिहास सांगतो.

या खेळांतील मासा म्हणजे ट्राउट. हा मुख्यतः युरोपांतील थंड, निर्मळ आणि खळाळत्या पाण्याचा रहिवासी होय. हिंदुस्थानांत तो मूळचा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभीं काश्मीर व निलगिरी येथील थंड ओढ्यांत तो बाहेरून आणून वाढविण्यांत आला. अंगावर काळे-तांबडे ठिपके, नजर तीक्ष्ण आणि स्वभाव संशयी. प्रवाहाकडे तोंड करून तो एका जागीं स्थिर राहातो आणि पाणी जें वाहून आणील त्यांतून आपला घास निवडतो. त्याच्या आहारांत ज्या कीटकाला मोठा मान आहे त्याला मे-माशी म्हणतात. नांव मे महिन्याचें असलें तरी तिच्या निरनिराळ्या जाति वसंतापासून शरदापर्यंत आळीपाळीनें बाहेर पडतात. तिचें बालपण पाण्याच्या तळाशीं कांहीं महिने, क्वचित् दोन वर्षेंहि चालतें. मग ती पृष्ठभागावर येऊन कात टाकते व धुरकट पंखांनीं उडून कांठावरच्या झाडाझुडपांत जाते. तेथें पुन्हां एकदां कात टाकून झळझळीत रूप धारण करते. पंख फुटल्यावर पुन्हां कात टाकणारा असा दुसरा कीटकवर्ग आज पृथ्वीवर नाहीं. या अखेरच्या अवस्थेंत तिला अन्न खातां येत नाहीं. कांहीं तास किंवा एखाददुसरा दिवस जगून, अंडीं घालून ती मरते. एवढा नाजूक जीव गळाला टोंचतां येणें शक्य नव्हतें. आणि नेमकी हीच अडचण बनावट माशीची जननी ठरली.

या अडचणीचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख ईलियन या ग्रंथकाराच्या लेखनांत सांपडतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस व तिसऱ्याच्या आरंभीं होऊन गेलेला हा रोमन गृहस्थ ग्रीक भाषेंत लिहीत असे. प्राण्यांच्या स्वभावासंबंधीं लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत तो मॅसिडोनिया देशांतील अस्ट्रीअस नदीची हकीकत सांगतो. तेथील ठिपकेदार मासे पाण्यावर उडणारी एक माशी खातात. पण त्या माशीला माणसाचा हात लागतांच तिचा रंग उतरतो आणि पंख सुकतात, म्हणून ती आमिषाला निरुपयोगी ठरते. यावर तेथील कोळ्यांनीं युक्ति काढली. ते गळाभोंवतीं तांबडी लोंकर गुंडाळीत आणि तीवर कोंबड्याच्या गळ्याखालचीं मेणाच्या रंगाचीं दोन पिसें बांधीत. सहा फुटांची काठी आणि तेवढीच दोरी, एवढाच त्यांचा सरंजाम होता.

त्यानंतर बारा शतकांहून अधिक काळ लोटल्यावर इंग्लंडांत या विषयावरील पहिलें छापील पुस्तक निघालें. वेस्टमिन्स्टर येथें विंकिन डी वर्ड या मुद्रकानें तें इ. स. १४९६ सालीं छापलें. ज्युलियाना बर्नर्स नांवाच्या एका कुलीन जोगिणीच्या नांवावर तें परंपरेनें चालत आलें असलें तरी त्यास भक्कम पुरावा नाहीं. पण ज्या कोणीं तें लिहिलें तो हात अनुभवी होता यांत शंका नाहीं. शिवणाची सुई तापवून, वांकवून तिचा गळ कसा करावा, घोड्याच्या शेपटीचे केस पाण्याच्या रंगाशीं जुळतील असे कसे रंगवावे, हें सारें त्यांत आहे. त्यांतच बारा माश्यांची यादी असून कोणत्या महिन्यांत कोणती माशी बांधावी तें सांगितलें आहे. ती यादी मार्च महिन्यांत सुरू होते आणि ऑगस्टपाशीं थांबते. पुस्तकाच्या अखेरीस वाचकाला बजावलें आहे कीं, हा खेळ द्रव्यलोभानें करूं नये, दुसऱ्याचें कुंपण मोडूं नये आणि एका वेळीं फार मासे मारूं नयेत. छापील विद्येच्या पहिल्याच पुस्तकांत संयमाचा हा पाठ असावा, ही ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

येथें या कलेची थोडी प्रत्यक्ष रीत सांगणें अवश्य आहे. पुष्कळ माश्या गव्हाच्या दाण्याहून फारशा मोठ्या नसतात. गळ लहानशा पकडींत घट्ट धरून त्यावर मेण लावलेल्या दोऱ्याचे वेढे देतात. मागें दोनतीन केसांची शेपटी बांधतात. सशाच्या अंगाची लव दोऱ्याला पिळून तिचें धड करतात. शेवटीं कोंबड्याच्या मानेवरचें लांबट, ताठ पीस गळाभोंवतीं असें गुंडाळतात कीं त्याचे तंतु चहूंकडे उभे राहून किड्याच्या पायांसारखे दिसावे आणि त्यांच्या आधारावर माशी पाण्यावर तरावी. मग डोक्यापाशीं गांठ मारली कीं काम संपलें. परंतु अशा माशीला वजन असें नसतेंच. दगड लांब फेंकतां येतो, पीस येत नाहीं. म्हणून येथें माशी न फेंकतां दोरीच फेंकावी लागते. काठीच्या झोंक्यानें दोरी हवेंत उलगडते आणि तिच्या टोंकाशीं असलेली माशी तिच्यामागून अलगद पाण्यावर उतरते. पूर्वीं ही दोरी घोड्याच्या केसांची असे, पुढें रेशमाची झाली आणि आतां ती कृत्रिम द्रव्यांची असते.

सतराव्या शतकांत आयझॅक वॉल्टन या लंडनच्या व्यापाऱ्यानें गळाच्या विद्येवर लिहिलेलें पुस्तक इ. स. १६५३ सालीं प्रसिद्ध झालें व अजरामर ठरलें. तथापि बनावट माशीच्या बाबतींत खरा जाणता होता तो वॉल्टनचा तरुण मित्र चार्लस् कॉटन. डव्ह नदीच्या कांठीं राहाणाऱ्या या गृहस्थानें वॉल्टनच्या पुस्तकाच्या १६७६ सालच्या पांचव्या आवृत्तीस स्वतंत्र दुसरा भाग जोडला. त्यानें वर्षाच्या बारा महिन्यांचा हिशेब मांडला आणि साठांहून अधिक माश्या वर्णिल्या. १४९६ सालच्या पुस्तकाची यादी जेथें थांबली होती, त्या शरद् ऋतूंत कॉटन निःशंक पुढें गेला. त्याचें म्हणणें असें कीं, सप्टेंबरांत बहुतेक एप्रिलच्याच माश्या चालतात आणि ऑक्टोबरांत मार्चच्या. वरवर पाहातां ही सोयीची तोडजोड वाटेल. परंतु पुढें कीटकशास्त्रानें दाखवून दिलें कीं, इंग्लंडच्या नद्यांतील एका सामान्य मे-माशीच्या वर्षाला दोन पिढ्या होतात. एक हिंवाळा पाण्यांत काढून वसंतांत उडते आणि तिची संतति उन्हाळ्यांत भरभर वाढून शरदांत उडते. सूक्ष्मदर्शकाशिवाय केवळ नदीकांठच्या पहाऱ्यानें कॉटनला हें दिसलें होतें.

शरदाची दुसरी बाजू याहूनहि महत्त्वाची आहे. युरोपांत ऑक्टोबरपासून ट्राउटचा विणीचा हंगाम सुरू होतो. मासे प्रवाहाविरुद्ध चढून उथळ पाण्यांत जातात. मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनीं वाळूखड्यांत खळगा करते, त्यांत अंडीं घालते आणि खडे लोटून तीं झांकते. तीं अंडीं सबंध हिंवाळाभर त्या खड्यांखालीं, वाहत्या थंड पाण्यांत राहातात. या काळीं नर भांडखोर होतात, माद्या जड होतात, आणि दोघांनाहि धरणें तुलनेनें सोपें जातें. म्हणूनच कायद्यानें काठी बाजूला ठेवावी लागते. स्कॉटलंडांत हा मासा १५ मार्च ते ६ ऑक्टोबर एवढ्याच काळांत धरतां येतो. ज्या नजरेनें माशी बांधावयास शिकविलें, तीच नजर केव्हां थांबावें हेंहि सांगते.

एकोणिसाव्या शतकांत या नजरेला शास्त्राची जोड मिळाली. आल्फ्रेड रॉनल्डस् यानें १८३६ सालीं एक सचित्र पुस्तक काढलें व त्यांत खरा किडा आणि त्याची नक्कल यांचीं रंगीत चित्रें शेजारीं शेजारीं देऊन प्रत्येक किड्याचें शास्त्रीय नांवहि दिलें. त्यानें स्टॅफर्डशायरमधील ब्लाइथ नदीवर एक लहानशी झोंपडी उभारली व तिच्या खिडक्यांतून तो तासन् तास मासे पाहात बसे. त्यानें बंदुकीचे बार करवून पाहिले. मासे हलले नाहींत. त्यानें मेलेल्या माश्यांना मोहरी व तिखट फांसून त्या पाण्यांत टाकल्या. माशांनीं त्याहि गिळल्या. यावरून आवाज आणि चव यांपेक्षां माशाचा भरंवसा डोळ्यांवरच अधिक आहे, असें अनुमान त्यानें काढलें.

पण पाहाणें संपून नियम सुरू झाले कीं विद्या ताठर होते. हॅम्पशायरमधील टेस्ट नदीच्या कांठीं फ्रेडरिक हॅलफर्ड यानें तरंगणाऱ्या माशीचें शास्त्र मांडलें. त्याचें पहिलें पुस्तक १८८६ सालचें. त्याचें निरीक्षण उत्तम होतें. परंतु त्याच्या अनुयायांनीं त्याचा जणूं धर्मग्रंथ केला. माशी पृष्ठभागावर तरंगलीच पाहिजे, बुडालेल्या माशीनें मासा धरणें हें गृहस्थास शोभत नाहीं, असा दंडक पडला. या दंडकाला वकिली पेशाच्या जी. ई. एम्. स्क्यूज यानें उत्तर दिलें. मेलेल्या माशाच्या पोटांतून लांब चमच्यानें अन्न काढून तो तें बशींत तपासून पाही, आणि त्यांत त्याला पंख न फुटलेले, पाण्याखालचेच किडे मोठ्या संख्येनें दिसत. १९१० सालच्या पुस्तकांत त्यानें हें मत मांडलें. १९३८ सालीं लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबांत या वादावर जाहीर चर्चा झाली, तेव्हां स्क्यूज ऐंशीच्या घरांत होता. आज दोन्ही पद्धति सुखानें नांदत आहेत. वादाचा निकाल सभेनें नव्हे तर माशाच्या पोटानें दिला.

या सर्व काळांत एक शाखा मात्र निरीक्षणापासून पार तुटली. सॅमन हा मोठा मासा विणीसाठीं समुद्रांतून नदींत येतो, त्या वेळीं तो अन्न खाणें जवळजवळ सोडतो. तेव्हां त्याच्यासाठीं बांधलेली माशी कोणत्याच किड्याची नक्कल नसते. जेथें नक्कल नाहीं तेथें मर्यादाहि नाहीं. व्हिक्टोरिया राणीच्या काळांत सॅमनच्या माश्या म्हणजे पिसांचे दागिनेच झाले. १८९५ सालीं निघालेल्या जॉर्ज केल्सनच्या ग्रंथांत त्या थाटाचें शिखर दिसतें. त्यासाठीं चीनचा सोनेरी फेझंट आला, दक्षिण अमेरिकेचे टूकन व निळे कोटिंगा पक्षी आले, आणि आपल्या सह्याद्रींतला राखी रानकोंबडाहि आला. या नराच्या मानेवरील पिसांत मेणासारखे चमकदार, कठीण ठिपके असतात. ते माशीच्या दोन्ही बाजूंस डोळे म्हणून बसवीत. फ्रेंच निसर्गशोधक सोनेरा याचें नांव या पक्ष्यास शास्त्रानें दिलें; व्यापारानें मात्र त्याची मानच तेवढी ओळखली.

केवळ माशीसाठींच नव्हे, तर युरोपांतील स्त्रियांच्या टोप्यांसाठींहि पक्ष्यांचा संहार चालू होता. हिंदुस्थान सरकारनें १९०२ सालीं पिसांच्या निर्यातीस बंदी केली. ब्रिटनमध्यें आयातबंदीचा कायदा १९२१ सालीं झाला. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानकोंबड्याला भारतांत संरक्षण मिळालें. तरीहि मोह संपला नाहीं. २००९ सालच्या जून महिन्यांत इंग्लंडांतील ट्रिंग येथील निसर्गविज्ञान संग्रहालयांतून २९९ पक्ष्यांचीं कातडीं चोरीस गेलीं. त्यांतील कांहीं तर आल्फ्रेड रसेल वॉलेस या थोर शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकांत गोळा केलेलीं होतीं. चोर वीस वर्षांचा विद्यार्थी असून स्वतः कुशल माशी बांधणारा होता. कित्येक कातड्यांवरील स्थळ व दिनांक लिहिलेल्या चिठ्ठ्या तुटून गेल्या; आणि चिठ्ठी गेली कीं तें कातडें शास्त्राच्या दृष्टीनें मुकें होतें. दीडशें वर्षें जपलेलें ज्ञान अशा रीतीनें, कोणत्याहि माशाला न लागणाऱ्या दागिन्यांपायीं, नष्ट झालें.

सुदैवानें ट्राउटची माशी बांधणाऱ्याला या कशाचीहि गरज लागत नाहीं. ऑक्टोबरांत नद्या बंद झाल्या कीं तो दिव्याजवळ बसून पुढल्या वसंताच्या माश्या बांधतो, आणि त्याच वेळीं नदीच्या खड्यांखालीं पुढल्या वर्षांचे मासे अंड्यांत वाढत असतात. त्याच्या पुढ्यांत पाळीव कोंबड्याचें एक पीस, सशाची थोडी लव आणि दोरा एवढेंच साहित्य असतें. अठराशें वर्षांपूर्वीं मॅसिडोनियांतील त्या अनामिक कोळ्याचें तांबड्या लोंकरीवर आणि दोन पिसांवर भागलें. कारण त्याला माशी कोणाला दाखवावयाची नव्हती, ती फक्त माशाला पटवावयाची होती.