कराची ते जुहू : अंतर किती, वेळ किती?

परवा नातवाने विचारलं, "आजी, तुझ्या आईचं कराची इथून किती लांब गं?" मोबाईलवर बघून उत्तरही त्यानेच दिलं. सरळ रेषेत सुमारे ८७५ किलोमीटर. म्हणजे मुंबईहून दिल्लीपेक्षा कराची जवळ! पण थेट विमान काही दिसेना. दुबईवरून जा म्हणे. मुंबई-दुबई साधारण १,९०० किलोमीटर आणि तिथून परत मागे कराचीला १,२०० च्या आसपास. हाताने नाक धरायचं ते डोक्यामागून!

मला आमच्या अंधेरीच्या शेजारचा जुहूचा विमानतळ आठवला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटा कराचीहून 'पस मॉथ' या छोट्या विमानातून एकटेच निघाले. सोबत प्रवासी नव्हते, टपालाची थैली होती. लंडनहून येणारं टपाल इम्पीरियल एअरवेज कराचीपर्यंत आणत असे, ते पुढे न्यायचं हे काम. वाटेत अहमदाबादला उतरले, तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या आत जुहूला! पुढे नेव्हिल विंटसेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. जुहूची धावपट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून तेवढे महिने विमानं पुण्याला उतरत.

गंमत अशी, की तेव्हा हा प्रवास एकाच प्रांतातला होता. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीत मराठी माणसं नोकरीसाठी सहज जात. तिथलं जुनं नारायण जगन्नाथ हायस्कूल नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाचं. माझा मामा तिथलाच विद्यार्थी. फाळणीनंतर आई वयाच्या सतराव्या वर्षी घरच्यांबरोबर बोटीने मुंबईला आली. घराची किल्ली मात्र तिने शेवटपर्यंत जपली.

१५ ऑक्टोबर १९८२ ला, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून, जेआरडींनी वयाच्या ७८ व्या वर्षी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा एकट्याने केलं. पेपरातला फोटो बघून आई म्हणाली, "त्यांना म्हणावं, परत जाताना मला मागे बसवा." आम्ही सगळे हसलो.

तेव्हा मुंबई-कराची विमानं चालू होती. दीड तासाचा प्रवास. खटपट केली असती तर व्हिसाही मिळाला असता. पण मी म्हणत राहिले, "पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत बघू." शाळा, पेपर तपासणं, मुलांच्या परीक्षा. तशा किती सुट्ट्या आल्या नि गेल्या. आई १९९१ साली गेली. पुढे थेट विमानं बंद झाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाशही बंद केलं.

वर्गात मी मुलांना वेग, वेळ, अंतराची गणितं घालत असे. अंतर भागिले वेग म्हणजे वेळ. इथे अंतर तेच राहिलं, विमानांचा वेग कितीतरी वाढला, आणि वेळ? १९३२ साली लाकूड-कापडाच्या विमानांच्या काळात अर्ध्या दिवसात होणारा प्रवास आज सोपा राहिलेला नाही.

त्यातलं राजकारण माझ्या हातात नव्हतं. सुट्टी होती.

नातवाला किल्ली दाखवली. "कुलूप कुठंय?" म्हणाला.

असो. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कुठे जायचं असेल, तर या सुट्टीतच घेऊन जा.