नगरला पाहिलेली शाळा

दरवर्षी प्रशिक्षण महाविद्यालये सुरू झाली की थोड्याच दिवसांत पुण्यातल्या शाळांमध्ये मागच्या बाकावर दोन-तीन नवे चेहरे दिसू लागतात. हातात निरीक्षणवही असते. वहीत रकाने आखलेले असतात : विषय, घटक, प्रस्तावना, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन, शेरा. तास संपतो आणि नोंद होते, ‘प्रस्तावना योग्य. फलकलेखन सुवाच्य. वर्गनियंत्रण चांगले.’ पुढच्या तासालाही तीच नोंद, फक्त विषय बदललेला. काही वह्या तर वर्गात न बसताच, शेजारणीच्या वहीवरून भरल्या जातात. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे केले आहे, निदान होताना पाहिले आहे.

मग प्रश्न पडतो, की शिकवायला लागण्याआधी दुसऱ्याचा वर्ग पाहण्याचा खरोखर काही उपयोग असतो का? की प्रशिक्षणातला तो एक उपचार आहे? पुण्याच्या शिक्षणाच्या इतिहासात या प्रश्नाचे चांगले उत्तर सापडते. त्यासाठी पावणेदोनशे वर्षे मागे जायला हवे.

एक भेट

१८४८ साली जोतीराव फुल्यांनी बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली, हे आपण मुलांना सांगतोच. त्या शाळेच्या आधी काय घडले, ते मात्र सहसा सांगितले जात नाही. १८५३ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात जोतीरावांची माहिती आली, तीत त्यांनी स्वतःच हे सांगितले आहे. एका मित्राबरोबर ते अहमदनगरला गेले होते. तिथे त्यांनी अमेरिकन मिशनच्या मिस फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. मुलींना ज्या पद्धतीने शिकवले जात होते ती पाहून त्यांना समाधान वाटले. पुण्याला परतल्यावर त्यांनी मुलींची शाळा काढली.

या फरारबाई, सिंथिया फरार, १८२७ साली अमेरिकेहून मुंबईला आल्या. मुंबईत काही वर्षे मुलींच्या शाळांचे काम केल्यावर १८३९ पासून त्या नगरला होत्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. म्हणजे जोतीराव त्यांच्या शाळेत गेले तेव्हा बाईंच्या पाठीशी बऱ्याच वर्षांचा अनुभव होता. तिथे त्यांना मुलींच्या शिक्षणाविषयीचे व्याख्यान ऐकायचे नव्हते. रोज भरणारी, मुरलेली शाळा समोर होती.

जोतीराव तेव्हा विशीच्या आसपासचे होते. शाळा ही त्यांना नवी गोष्ट नव्हती. आधी पंतोजींच्या शाळेत आणि मग स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले होते. मग नगरला वेगळे काय पाहिले? विद्यार्थी म्हणून ते वर्षानुवर्षे शाळेत बसले होते, पण शाळा चालवू पाहणाऱ्याच्या नजरेने वर्गात बसणे ही निराळी गोष्ट आहे. मुलींना शिकवता येईल का, हा त्या काळी पुण्यात वादाचा विषय होता. नगरला त्या वादाचे उत्तर डोळ्यांसमोर होते. मुली शिकत होत्या. उरला होता तो ‘कसे’ हा प्रश्न, आणि त्यांच्या आठवणीतही भर शिकवण्याच्या पद्धतीवरच आहे.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. जोतीरावांनी सावित्रीबाईंना घरी शिकवून शिक्षिका म्हणून तयार केले. सावित्रीबाईंनी नगरला आणि पुण्यातल्या मिशनच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचेही चरित्रकार सांगतात. म्हणजे क्रम असा लागतो : आधी पाहणे, मग शिकणे, मग शिकवणे.

दिसले ते आणि निसटले ते

पण नुसते पाहून भागते का? याचे उत्तर मद्रासमधल्या एका जुन्या हकिकतीत आहे. १७८९ मध्ये अँड्र्यू बेल नावाचे पाद्री तिथल्या एग्मोर भागातल्या लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाचे प्रमुख झाले. एकदा घोड्यावरून जाताना त्यांना एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवत होती. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी ती हीच. बेल यांना ही युक्ती फार आवडली. त्यांच्या हाताखालच्या शिक्षकांनी ती मनावर घेतली नाही, तेव्हा त्यांनी जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलालाच लहान मुलांना शिकवायला बसवले. यातून मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेण्याची पद्धत उभी राहिली. १७९७ साली बेल यांनी तिच्यावर पुस्तिका लिहिली. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी तशीच पद्धत चालवली आणि बघता बघता एकेका मास्तराच्या हाताखाली शेकडो मुले बसू लागली. १८२० च्या दशकात ही पद्धत मुंबई इलाख्यातल्या नव्या शाळांमध्ये परत आली, आता विलायती म्हणून!

बेल यांचे निरीक्षण खोटे नव्हते. पण त्यांना दिसली ती मांडणी : वाळू, बोट, एकाने दुसऱ्याला शिकवणे. देशी शाळेत मूल आपल्या गतीने पुढे सरकत असे आणि गुरुजी प्रत्येकाला ओळखत, हे रस्त्यावरून दिसण्यासारखे नव्हते. त्या शाळा आदर्श होत्या असे अर्थातच नाही. तिथे छडी होती, आणि मुली व अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले जवळजवळ नसतच. मुद्दा एवढाच, की बाहेरून दिसणारी कृती उचलली आणि तिच्यामागचे कारण मागेच राहिले, तर हाती सांगाडा येतो. इंग्लंडात शेवटी तसेच झाले. शिट्ट्या, आज्ञा आणि घोकंपट्टी यांची ती एक कवायत बनली.

आपल्या निरीक्षणवहीतले रकानेही बहुतेक मांडणीचेच असतात. फळा कसा वापरला, तक्ता कुठे लावला, हे दिसते. मूल कुठे अडले आणि बाईंना ते कशावरून कळले, याला रकानाच नसतो.

पाहणे की तपासणे?

जोतीरावांच्या शाळांवर थोड्याच काळात पाहिले जाण्याची वेळ आली. १८५२ साली मुलींची जाहीर परीक्षा झाली. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला, तेव्हा मेजर कँडी हजर होते. लोकांचा विश्वास मिळवण्यासाठी अशा परीक्षांची तेव्हा गरजच होती. पण परीक्षेत दिसते ते शिकून झालेले. शिकताना काय होते, ते तिथे दिसत नाही.

हा फरक जोतीरावांना चांगला ठाऊक होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. त्यात शाळा तपासणीविषयी जे म्हटले आहे ते आजही वाचण्यासारखे आहे. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून फार तर एकदा शाळेला भेट द्यायची, याचा काही उपयोग नाही. निदान दर तीन महिन्यांनी भेट हवी आणि मधूनमधून आगाऊ न कळवताही जायला हवे, असे त्यांनी सांगितले. त्यांनी सुचवलेला उपाय अधिक कडक तपासणीचा होता, हे खरे. पण कळवून आलेल्या पाहुण्यापुढे जे दिसते ती शाळा नव्हे, हे ज्याने शाळा चालवली आहे त्यालाच सुचणार.

शिक्षकांच्या तयारीबद्दलही त्यांचे म्हणणे नेमके होते. प्रशिक्षणात नेहमीच्या विषयांबरोबर शेती आणि आरोग्याची प्राथमिक माहिती असावी. शिक्षक शेतकरी समाजातूनही यावेत. प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हातात धरायला त्यांना लाज वाटू नये. म्हणजे शिक्षकाने वर्गाबरोबरच मुलांचे घर आणि वस्तीही पाहिलेली असावी.

पुढे शिक्षणखाते वाढले तसे पाहणे मागे पडले आणि तपासणे उरले. डेप्युटीसाहेब येणार म्हणून शाळा सारवली जाई, पाठ आधी घोटून घेतला जाई. शेरेबुकात शेरा पडला की काम झाले. मागच्या बाकावर वही घेऊन बसणारा माणूस म्हणजे आपल्यातले उणे काढायला आलेला, ही समजूत तेव्हापासूनची आहे. कोवळ्या छात्राध्यापिकेला पाहूनही अनुभवी शिक्षक अंग चोरतात आणि तीही बिचारी शेरे लिहू लागते.

तेरा हजार तास

१९७५ साली अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. शालेय शिक्षण पुरे होईपर्यंत माणूस सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात घालवतो. वकील किंवा डॉक्टर होणाऱ्याने त्या कामाचे एवढे दर्शन आधी कधीच घेतलेले नसते. म्हणूनच ‘शिकवणे म्हणजे काय ते मला माहीत आहे’ असे प्रत्येकाला वाटते. पण हे तेरा हजार तास मुलाच्या बाकावरचे असतात. बाईंनी काल रात्री काय ठरवले होते, ऐनवेळी काय सोडून दिले, एका मुलीला प्रश्न का विचारला नाही, यातले काहीच त्या बाकावरून कळत नाही. मग आपण शिकवायला उभे राहतो आणि नकळत आपल्या जुन्या गुरुजींसारखेच शिकवू लागतो.

वर्ग नव्या नजरेने पाहिला की काय सापडते, याचे उदाहरण विज्ञानशिक्षणातलेच आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण करून ते बारकाईने ऐकले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी केवळ एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असे त्यांना आढळले. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा मुलांची उत्तरे लांब झाली, जास्त मुले बोलू लागली, स्वतः प्रश्नही विचारू लागली. यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. हे सगळे रोजच्या तासात घडत होते, कोणी मोजले नव्हते एवढेच.

वही कशी भरावी?

विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना सांगतो, की निरीक्षण आणि अनुमान वेगवेगळे लिहा. मेणबत्तीची ज्योत पिवळी दिसली हे निरीक्षण. तिथे काजळी जळते आहे हे अनुमान. वर्ग पाहतानाही हाच नियम लावता येतो. ‘मुले कंटाळली होती’ हे अनुमान झाले. ‘खिडकीकडच्या चार मुलांनी पहिल्या दहा मिनिटांत वही उघडली नाही’ हे निरीक्षण. कदाचित त्यांना कंटाळा आला असेल, कदाचित फळ्यावर उजेड पडून दिसत नसेल. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे दिसले-ऐकले ते, वेळेसकट. उजवीकडे आपल्याला काय वाटले ते.

शक्य असेल तर मागे न बसता बाजूला बसावे. मागून मुलांच्या पाठी दिसतात, बाजूने चेहरे दिसतात. एका तासाला एकच प्रश्न घेऊन जावे. समजा, पाचवीत तरंगणाऱ्या आणि बुडणाऱ्या वस्तूंचा पाठ आहे. बाई विचारतात, ‘खिळा बुडतो, मग लोखंडाचे जहाज का बुडत नाही?’ एक मुलगा म्हणतो, ‘कारण जहाज मोठे आहे.’ इथे पेन खाली ठेवून मनाशी ठरवावे, की मी असते तर आता काय केले असते? मग बाई काय करतात ते पाहावे. त्या उत्तर चूक म्हणून पुढे गेल्या, की त्यांनी एक मोठा लोखंडी तुकडा पाण्यात टाकायला दिला? आपला अंदाज आणि त्यांची कृती यांतल्या फरकातच शिकण्यासारखे असते. तास संपल्यावर ‘तुम्ही तेव्हा तसे का केलेत?’ एवढेच विचारावे. बेल यांनी त्या देशी शाळेतल्या गुरुजींना हा प्रश्न विचारला असता तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती.

२०१४ च्या राष्ट्रीय नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतल्या अनुभवासाठी किमान २० आठवडे ठेवले. वेळ वाढला हे चांगलेच झाले. पण वीस आठवडे शेरे लिहिण्यात जाऊ शकतात, आणि एकाच भेटीत पुण्यातल्या मुलींच्या शाळेची सुरुवातही होऊ शकते.

भिडेवाडा आता पाहता येत नाही. मोडकळीला आलेली ती इमारत डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आली. नगरच्या शाळेत फरारबाईंनी पाहुण्याला कसे वागवले, याचीही नोंद आपल्यापुढे नाही. पण त्यांच्या शाळेचे दार पाहायला येणाऱ्याला उघडे होते, एवढे नक्की. पुढच्या खेपेला आपल्या वर्गाच्या दाराशी एखादी छात्राध्यापिका वही घेऊन उभी राहिली, तर तिच्यासाठी बाजूला, मुलांचे चेहरे दिसतील अशी, एक खुर्ची ठेवावी. ठरवलेला पाठच शिकवावा, घोटलेला नको. आणि तास संपल्यावर मधल्या सुट्टीतली पाच मिनिटे तिच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावीत.