एका गाडीचे ब्रेक दुसऱ्या गाडीला : मोन्झा १९५८ ते जुनी स्टेशन वॅगन

सप्टेंबर १९५८. इटालियन ग्रां प्रीसाठी मोन्झाच्या ट्रॅकवर फेरारीची ‘डिनो २४६’ उभी होती. गाडी इटलीची, चालक माइक हॉथॉर्न इंग्लंडचा, आणि तिच्या चाकांमागचे डिस्क ब्रेक पीटर कॉलिन्सच्या खासगी मोटारीतून काढून आणलेले. कॉलिन्स हा हॉथॉर्नचा संघसहकारी आणि जिवलग मित्र. ३ ऑगस्ट रोजी न्यूरबर्गरिंगवरील शर्यतीत त्याचा मृत्यू झाला होता. रस्त्यावर वापरायच्या आपल्या फेरारीला त्याने इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीचे डिस्क ब्रेक बसवून घेतले होते. ते ब्रेक आता विश्वविजेतेपदाच्या लढतीत उतरणार होते.

जुन्या गाडीला ट्रॅकसाठी ‘मोठे ब्रेक’ बसवणारे हौशी आज जगभर आढळतात. एका गाडीचे ब्रेक दुसरीला लावण्याच्या या उद्योगातला सर्वांत करुण प्रसंग बहुधा हाच असावा. पण मुळात प्रश्न असा की, १९५८ साली फेरारीसारख्या संघाच्या गाड्यांना ड्रम ब्रेक का होते?

थोडे मागे जावे लागेल.

डिस्क ब्रेकची कल्पना नवी नव्हती. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याने १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते. परंतु धातूवर धातू घासल्यामुळे होणारा कर्कश आवाज कानठळ्या बसवणारा होता, आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर ही उघडी रचना टिकण्यासारखी नव्हती. त्यामुळे पुढची सुमारे पन्नास वर्षे राज्य केले ते ड्रम ब्रेकने. चाकाबरोबर फिरणारा डबा आणि त्याला आतून दाबणारे दोन शू, एवढीच ही रचना. तिच्यातही सुधारणा होत गेल्या. १९२१ साली जिमी मर्फीने ल मान्स येथे फ्रेंच ग्रां प्री जिंकली, तेव्हा त्याच्या अमेरिकन ड्युझेनबर्ग गाडीला चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक होते. पेडलवरचा दाब द्रवामार्फत प्रत्येक चाकापर्यंत सारखा पोहोचू लागला. शू आणि ड्रम मात्र तेच राहिले.

ड्रमचा दोष कारागिरीत नव्हता, त्याच्या भूमितीतच होता. ब्रेक गाडीचा वेग ‘नाहीसा’ करत नाही, तो त्या गतिज ऊर्जेची उष्णता बनवतो. सुमारे १६०० किलो वजनाची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर आणली, तर हवेचा रोध वगळता जवळजवळ १२ लाख ज्यूल उष्णता निर्माण होते. एवढ्या उष्णतेत साडेतीन लिटरांहून अधिक गार पाणी उकळू लागेल, आणि तेही एकाच वळणावर! वेग निम्मा केला की ऊर्जेचा तीन चतुर्थांश भाग ब्रेकच्या पदरात पडतो, हे गणित ट्रॅकवर फार क्रूर ठरते. ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून दूर जातो. पेडल खाली खाली जाऊ लागते. आतली उष्णता बंद डब्यात कोंडून राहते, लायनिंगची पकड सुटते आणि चालक पूर्ण ताकदीने पाय दाबूनही गाडी धावतच राहते. याला ‘ब्रेक फेड’ म्हणतात. घाट उतरताना मुरलेला ट्रकचालक खालचा गिअर का टाकतो, याचेही उत्तर यातच आहे.

डिस्कची तबकडी तापली तरी पॅडपासून पळून जात नाही, कारण पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. शिवाय ती उघड्या हवेत फिरते. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे विमानांच्या चाकांवर हे तंत्र पक्के झाले होते. ते मोटारीवर आणण्याचे श्रेय मुख्यतः डनलॉपचे अभियंते आणि जॅग्वार कंपनी यांच्या जोडीला द्यावे लागेल. जॅग्वारचा चाचणीचालक नॉर्मन ड्युइस याने या ब्रेकसाठी जे कष्ट उपसले, त्यांची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. विजेत्यांची छायाचित्रे राहतात, चाचणीचालकांची क्वचितच. १९५२ च्या मिले मिल्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली सी-टाइप उतरली, तेव्हा चालक होता स्टर्लिंग मॉस आणि शेजारी बसला होता ड्युइस. ती शर्यत पूर्ण झाली नाही. त्याच वर्षी जूनअखेर रँस येथे मात्र मॉसने त्याच प्रकारची गाडी जिंकून दाखवली.

खरा निकाल लागला तो १९५३ च्या ल मान्स येथे. तेथे जवळजवळ सहा किलोमीटरचा सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला एकदम काटकोनी म्युल्सानचे वळण. इंजिनाच्या ताकदीत सी-टाइप सर्वांत पुढे नव्हती, पण प्रतिस्पर्धी पेडल दाबू लागल्यानंतरही तिचा चालक काही अंतर वेग कायम ठेवू शकत होता. दिवसा आणि रात्री, शेकडो फेऱ्या. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार पहिली आली. सरासरी वेग ताशी सुमारे १७० किलोमीटर. ल मान्सच्या इतिहासात सरासरीने ताशी १०० मैलांचा टप्पा प्रथमच ओलांडला गेला. संघाच्या इतर दोन गाड्या दुसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर होत्या. (आदल्या रात्री हे दोघे मद्यधुंद होते, ही कथा चवीने सांगितली जाते. संघव्यवस्थापक लॉफ्टी इंग्लंड यांनी ती नाकारली होती. ब्रेकची गोष्ट तिच्यापेक्षा कमी रंगतदार असली, तरी जास्त खरी आहे.)

यानंतर सर्वांनी डिस्क स्वीकारली असेल असे वाटेल, पण इतिहास इतका सरळ चालत नाही. १९५५ साली मर्सिडीजने ल मान्स येथे आणलेल्या ३०० एसएलआरला भलेमोठे ड्रमच होते. त्यांना साहाय्य म्हणून चालकाच्या पाठीमागे हवेत उभी राहणारी एक रुंद फळी बसवली होती. हवेचाच ब्रेक! कल्पना चतुर होती, पण मूळ दुखण्यावरचा तो इलाज नव्हता.

त्याच शर्यतीत ११ जूनच्या संध्याकाळी मोटारशर्यतीच्या इतिहासातील सर्वांत भीषण अपघात घडला. हॉथॉर्नने पिटकडे वळण्यासाठी आपल्या जॅग्वारचे ब्रेक दाबले. मागून येणारा लान्स मॅक्लिन आपली ऑस्टिन-हीली वाचवण्यासाठी बाजूला सरला, आणि पिअर लव्हेग याची मर्सिडीज तिच्यावर आदळून प्रेक्षकांवर जाऊन कोसळली. ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या अपघाताचे स्पष्टीकरण अनेकदा ‘डिस्क विरुद्ध ड्रम’ अशा एका ओळीत दिले जाते. ते अपुरे आहे. मॅक्लिनच्या ऑस्टिन-हीली १००एसलाही चारही चाकांवर डिस्क ब्रेक होते. पिटचा अरुंद रस्ता, तिथे आडोशाचा अभाव आणि वेगांतील प्रचंड तफावत यांचा वाटा वगळून सगळे खापर एका यंत्रभागावर फोडणे योग्य नाही. मात्र ट्रॅकवर एकामागोमाग धावणाऱ्या गाड्यांची थांबण्याची क्षमता भिन्न असेल तर काय घडू शकते, हा प्रश्न त्या दिवसानंतर टाळण्यासारखा राहिला नाही.

तरीही फेरारी ड्रमलाच चिकटून राहिली. १९५८ चे ल मान्स तिच्या गाडीने ड्रम ब्रेकवरच जिंकले, त्यामुळे बदलाची निकड वाटली नसावी. ज्याने जिंकता येते ते बदलायचे कशाला, हा हिशेब कारखान्यात नेहमीच बलवान असतो. ग्रां प्रीमध्ये मात्र ब्रिटिश व्हॅनवॉल गाड्या डिस्क घेऊन उतरत होत्या. हॉथॉर्नला रोज त्यांच्याशी झुंजायचे होते. कॉलिन्स गेल्यानंतर त्याने हट्ट धरला आणि मित्राच्या गाडीतले ब्रेक मोन्झाला आले. तेथे व्हॅनवॉलच्या टोनी ब्रूक्सने शर्यत जिंकली, हॉथॉर्न दुसरा आला. मोसम संपला तेव्हा हॉथॉर्न ४२ आणि मॉस ४१ गुण, केवळ एका गुणाने विश्वविजेतेपद! पुढच्या वर्षी फेरारीने स्पोर्ट्स गाड्यांनाही डिस्क बसवल्या. ते पाहायला हॉथॉर्न नव्हता. जानेवारी १९५९ मध्ये गिल्डफर्डजवळच्या रस्त्यावर, स्वतःच्या जॅग्वारमध्ये, त्याचा अंत झाला.

आता उडी थेट १९९४ सालात. ऑडीने आपल्या ‘८०’ या साध्या कौटुंबिक वॅगनवरून आरएस२ अवांत बनवली. पाच सिलिंडरचे टर्बो इंजिन, ३१५ अश्वशक्ती, आणि जुळणी पोर्शच्या त्सुफेनहाउझेन येथील कारखान्यात. तिची चाके पोर्शच्या घडणीची होती, आणि चार पिस्टनच्या कॅलिपरवर चक्क पोर्शचे नाव कोरलेले होते. सामान वाहायच्या गाडीला स्पोर्ट्स कारचे ब्रेक! हॉथॉर्नने मोन्झाला जे गरजेपोटी केले, ते येथे कारखान्यानेच अधिकृतपणे केले. त्याच वर्षी ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत व्होल्व्होने ८५० एस्टेट उतरवून प्रेक्षकांना चकित केले. या वॅगन रिकार्ड रिडेल आणि यान लॅमर्स चालवत होते. पुढच्याच मोसमात संघ सेडानकडे वळला, पण स्टेशन वॅगन ट्रॅकवर हास्यास्पद नसते हे तोवर सिद्ध झाले होते.

त्या पिढीतल्या वॅगन आता तीस वर्षांच्या झाल्या आहेत, आणि हौशी मंडळी त्या ट्रॅकवर नेतात. बहुतेकांचे पहिले लक्ष मोठ्या, रंगीत कॅलिपरकडे जाते. इतिहास पाहता सुरुवात द्रवापासून व्हायला हवी. महाराष्ट्रातल्या गॅरेजांत ज्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, ते बहुधा तेल नसून ग्लायकॉलवर्गीय द्रव असते आणि ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा मुरलेल्यासाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. द्रव उकळला की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे दाब पॅडपर्यंत पोहोचतच नाही आणि पेडल जमिनीला टेकते. ताजा द्रव, उष्णता सोसणारे पॅड आणि समोरून डिस्कपर्यंत हवा आणणारी नळी यांचा खर्च मोठ्या कॅलिपरच्या मानाने किरकोळ असतो. मोठी डिस्क त्यानंतर. तिला मोठे चाक लागते, आणि कॅलिपरच्या पिस्टनांचे एकूण क्षेत्रफळ वाढले तर जुन्या मास्टर सिलिंडरवर पेडलचा प्रवास लांबतो.

वॅगनचा आणखी एक स्वभाव आहे. मागे कधी सामान असते, कधी नसते. म्हणून त्या काळच्या अनेक वॅगनमध्ये मागच्या ॲक्सलजवळ भार ओळखणारा एक झडप असे. गाडी मागे दबली की सामान भरले आहे असे समजून तो मागच्या ब्रेकचा दाब वाढवी. ट्रॅकसाठी आखूड स्प्रिंग बसवून गाडी खाली आणली, की हा झडप फसतो. रिकाम्या गाडीलाही तो भरलेली मानतो, आणि वळणाच्या तोंडाशी, भार पुढे सरकलेला असताना, मागची चाके आधी अडकतात. ज्या जुन्या गाडीत एबीएस नसते, तिथे शेपूट बाजूला फेकली जायला क्षणही लागत नाही. त्यामुळे स्प्रिंग बदलणाऱ्या जाणत्या मेकॅनिकचा हात त्या झडपेच्या दांड्याकडे आधी जातो. नव्या उंचीनुसार तो दांडा पुन्हा जुळवून घेतल्यावरच गाडी ट्रॅकवर सोडली जाते.